खेळाडूंशी प्रेक्षकांचं गैरवर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाहुण्या संघाची हुर्यो उडवावी की नाही, उडवली तर कुठवर, शेजारचा शिव्या देत असेल तर आपण काय करायचं, असे प्रश्न सतत येत असतात. ज्यांची उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात तेवढेच इथे घेतले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विरोधी संघाची हुर्यो उडवणं हेच मुळात गैरवर्तन आहे का?

नाही. तिकीट काढून आलेला माणूस गप्प बसायला आलेला नसतो. गोलंदाज धावत येताना गलका करणं, समोरच्यांचा झेल सुटला की हसणं, पेनल्टी घेणाऱ्यासमोर झेंडे नाचवणं हा खेळाचाच भाग आहे आणि खेळाडूही तसंच मानतात. २०१३ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत अख्ख्या मैदानाने इंग्लंडचा गोलंदाज स्टुअर्ट ब्रॉडची हुर्यो उडवली. त्याआधी इंग्लंडमधल्या मालिकेत बॅटची कड लागून झेल गेला होता, तरी पंचांनी बाद न दिल्याने तो क्रीझ सोडून गेला नव्हता, त्याचा तो राग होता. तिथल्या एका वर्तमानपत्राने तर त्याचं नाव छापायचंच नाही असं ठरवलं. ब्रॉडने पहिल्याच दिवशी पाच बळी घेतले आणि तेच वर्तमानपत्र काखेत मारून तो पत्रकार परिषदेला आला. अशी जुगलबंदी मला मनापासून आवडते.

२. मग रेषा नेमकी कुठे ओढायची?

माझं मोजमाप साधं आहे: तुम्ही त्याच्या खेळाबद्दल बोलताय की त्याच्याबद्दल? ‘झेल सोडलास’, ‘परत जा, शून्यावर बाद होशील’ हे खेळाबद्दल झालं. रंग, जात, धर्म, देश, शरीर, आई-बहीण, बायको-मुलं, आजारपण, घरातला मृत्यू यांतलं काहीही तोंडात आलं की खेळ संपला. आवाज किती मोठा होता याला फारसा अर्थ नाही. पन्नास हजारांचा गलका चालतो, पण एकाच माणसाने हळू आवाजात म्हटलेलं एक वाक्य चालत नाही.

जून २०२५ मध्ये शिकागोत बेसबॉलचा सामना चालू असताना एका तरुण प्रेक्षकाने केटेल मार्टे या खेळाडूला त्याच्या आईवरून डिवचलं. मार्टेची आई २०१७ मध्ये मोटार अपघातात गेली होती. तो मैदानातच रडायला लागला आणि त्याचा प्रशिक्षक खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन आला. त्या प्रेक्षकाला लीगच्या सगळ्या मैदानांवर बेमुदत बंदी घालण्यात आली. त्याने कुठलंही वर्णद्वेषी विधान केलं नव्हतं, कुठली वस्तूही फेकली नव्हती. तरीही रेषा ओलांडली होती, यात कुणालाच शंका वाटली नाही.

वस्तू फेकणं, थुंकणं, मैदानात घुसणं आणि हॉटेलपर्यंत पाठलाग करणं यांबद्दल तर प्रश्नच पडू नये.

३. एवढ्या गोंगाटात खेळाडूंना शब्द खरंच ऐकू येतात का?

येतात. एकसुरी गलका कानाला सवयीचा होतो, पण त्यातून वेगळा उठलेला एकटा आवाज लगेच टोचतो. सीमारेषेवर क्षेत्ररक्षणाला उभा असलेला खेळाडू पहिल्या रांगेपासून काही पावलांवर असतो. दोन चेंडूंच्या मधल्या शांततेत त्याच्या पाठीमागे जे बोललं जातं ते त्याला स्वच्छ कळतं, आणि त्याला तिथून हलता येत नाही. टेनिसमध्ये तर रॅली चालू असताना सगळे चिडीचूप असतात. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियन वेल्स स्पर्धेत नाओमी ओसाकाला गर्दीतून एकाच व्यक्तीने टाकलेलं वाक्य ऐकू आलं आणि तिला रडू आवरेना. तिने पंचांकडे माईक मागितला, तिला प्रेक्षकांशी बोलायचं होतं. तो मिळाला नाही. याच स्पर्धेच्या २००१ च्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती आणि सेरेना २०१५ पर्यंत तिथे परत खेळायला गेली नव्हती. ओसाकाने त्या दिवशी त्याचीही आठवण काढली.

४. कोट्यवधी रुपये मिळतात, मग थोडं ऐकून घ्यायला काय होतं?

मानधन खेळायचं मिळतं. डॉक्टरलाही चांगले पैसे मिळतात, म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी त्याच्या आईचा उद्धार करायचा का? शिवाय शिव्या खाणारे सगळे श्रीमंत नसतात. खालच्या विभागांत खेळणारे, महिला संघातल्या मुली, पंच आणि शाळकरी पोरं हेही तेच ऐकतात, त्यांच्या वाट्याला पैसा येत नाही आणि सुरक्षारक्षकही येत नाही.

५. घरी साधा वागणारा माणूस स्टँडमध्ये असा का होतो?

बरीच कारणं एकत्र येतात. गर्दीत आपला चेहरा हरवतो, त्यामुळे बोललेल्या शब्दाची जबाबदारी अंगावर येत नाही असं वाटतं. संघाशी आपण इतके जोडलेले असतो की त्यांचा पराभव हा आपला अपमान वाटतो. त्यात दारू आणि उन्हातान्हात सात-आठ तास बसणं असलं की भर पडते.

मला सगळ्यांत मोठं कारण वाटतं ते शेजाऱ्यांचं हसू. सुरुवात जवळपास नेहमी एकजण करतो. त्याच्या पहिल्या टोमण्याला आजूबाजूचे हसतात. दुसरा थोडा खालच्या पातळीवरचा असतो, तरी हसतात. पाचव्या-सहाव्या वाक्याला तो जिथे पोचतो तिथे पहिल्याच वाक्याला गेला असता तर त्याच लोकांनी त्याला खाली बसवलं असतं. पायरी पायरीने घसरल्यामुळे कुणाला ते कळत नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वाक्याला न हसणं याला मी फार मोल देते. पुढच्या टप्प्यावर काय करायचं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

६. पण त्रास दिल्याने आपल्या संघाला फायदा होतो, हे तरी खरं आहे ना?

गर्दीचा परिणाम होतो, पण बराचसा वेगळ्या वाटेने. कोविडच्या काळात फुटबॉलचे सामने रिकाम्या स्टँडसमोर झाले तेव्हा यजमान संघाचा फायदा कमी झाला आणि पाहुण्यांना दाखवली जाणारी पिवळी कार्डंही कमी झाली, असं अभ्यासांत दिसलं. म्हणजे गलक्याचा मोठा भाग पंचांच्या कानावर काम करतो. त्यासाठी कुणाची आई-बहीण काढावी लागत नाही.

उलटा परिणाम झाल्याचीही उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये एजबॅस्टनला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची हुर्यो आणि टवाळी झाली, आणि त्याने दोन डावांत १४४ आणि १४२ धावा काढल्या. वस्तू फेकण्याने तर थेट तोटा होतो. १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर भारत ८ बाद १२० असताना बाटल्या पडू लागल्या आणि स्टँडमध्ये जाळपोळ झाली. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. सामना हातातून गेलेला होताच, पण विनोद कांबळी नाबाद होता आणि रडत रडत मैदानाबाहेर आला. फेकणारे त्याच्याच संघाचे पाठीराखे होते.

७. आपल्याच खेळाडूवर राग काढला तर? तो हक्क तरी आहे ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि मला सर्वांत जास्त बोचतो. टीका करायचा हक्क आहेच. पण विरोधी प्रेक्षकांपेक्षा आपलेच लोक जास्त क्रूर वागल्याचे दाखले बरेच आहेत.

२२ जून १९९४ ला फुटबॉलच्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. दहा दिवसांनी, २ जुलैला, मेडेलीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. तो २७ वर्षांचा होता. २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेशकडून हरला तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं. अकरा जण हरले होते, पण धर्मावरून शिव्या एकट्या मोहम्मद शमीला पडल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. तिघेही कृष्णवर्णीय होते, त्यांच्यावर काय कोसळलं ते सांगायला नको. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं भित्तिचित्र विद्रूप केलं गेलं, आणि मग लोकांनी त्यावर चिठ्ठ्या, हृदयं, मुलांनी लिहिलेली पत्रं चिकटवून ते झाकून टाकलं.

आणि हे प्रेम-राग किती लवकर फिरतात ते बघा. एप्रिल २०२४ मध्ये आयपीएलमधल्या मुंबईचा कर्णधार म्हणून हार्दिक पंड्या वानखेडेवर नाणेफेकीला आला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. रोहित शर्माच्या जागी त्याला नेमलं, हा निर्णय संघमालकांचा होता. २९ जूनला त्यानेच भारताने जिंकलेल्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. मधल्या तीन महिन्यांत तो माणूस बदलला नव्हता.

८. खेळाडू प्रतिस्पर्धी संघात गेला तर गद्दार म्हणायचं नाही का?

म्हणा. त्याला तेवढी तयारी असते. फुटबॉलपटू लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोना सोडून रिआल माद्रिदला गेला, तेव्हा परतल्यावर शिट्ट्या मिळणार हे त्याला ठाऊक होतं. पण २००२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर तो कॉर्नर घ्यायला गेला की बाटल्या, नाणी पडत होती, आणि त्यांत डुकराचं मुंडकंही आलं. शिट्टी चालते. नाणं डोळ्याला लागलं तर डोळा जातो.

९. वर्णद्वेषी शेरेबाजी झाली तर सामना थांबवता येतो का?

हो. फुटबॉलमध्ये त्यासाठी तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी खेळ थांबवून मैदानात घोषणा करायची, प्रकार चालूच राहिला तर संघांना काही काळ आत न्यायचं, आणि तरीही थांबलं नाही तर सामना रद्द करायचा. २०२४ पासून खेळाडूने मनगटांची फुली करून पंचांना खूण करायची पद्धतही फिफाने आणली. त्याच वर्षी जानेवारीत उदिनेमध्ये मिलानचा गोलरक्षक माईक मेन्यां शेरेबाजीमुळे मैदान सोडून गेला आणि त्याच्यामागोमाग त्याचा संघही गेला. खेळ पुन्हा सुरू झाला, पण उदिनेजेला पुढे एक सामना रिकाम्या स्टँडसमोर खेळण्याची शिक्षा सुनावण्यात आली.

क्रिकेटमध्ये खेळाडूने पंचांकडे तक्रार करायची असते. जानेवारी २०२१ च्या सिडनी कसोटीत मोहम्मद सिराजने तेच केलं. दोन महिन्यांपूर्वी, दौऱ्यावर असतानाच, त्याचे वडील वारले होते आणि तो घरी न जाता संघाबरोबर राहिला होता. सीमारेषेवर शेरेबाजी ऐकल्यावर तो सरळ चालत पंचांकडे आला. काही मिनिटं खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. पंचांनी मैदान सोडायचा पर्याय दिला होता, पण कर्णधार अजिंक्य रहाणेने ‘आम्ही खेळायला आलोय’ या भूमिकेवर ठाम राहून तो नाकारला. पुढे चौकशीत एक विचित्र गोष्ट निघाली: वर्णद्वेषी शेरेबाजी झाली होती हे मान्य झालं, पण बाहेर काढलेले ते सहाजण दोषी ठरले नाहीत. नेमका कोण बोलला हे टिपून ठेवणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

१०. शिक्षा खरंच होते, की नुसत्या बातम्या येतात?

पूर्वीपेक्षा जास्त होते. रिआल माद्रिदचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू व्हिनिसियस ज्युनिअरला मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर वर्णद्वेषी शिव्या दिल्याबद्दल जून २०२४ मध्ये तिघांना आठ-आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. फुटबॉलच्या मैदानातल्या वर्णद्वेषासाठी स्पेनमधली ही पहिलीच शिक्षा होती. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांहून कमी कैद असेल तर ती तिथे सहसा स्थगित ठेवतात, पण गुन्हा नावावर लागतो आणि मैदानाचं दार बंद होतं. इंग्लंड-वेल्समध्ये न्यायालय ३ ते १० वर्षांची मैदानबंदी घालू शकतं, आणि संघाच्या परदेशातल्या स्पर्धांच्या वेळी पासपोर्टही जमा करायला लावतं.

पैसेवाले, प्रतिष्ठित प्रेक्षक यातून सुटतात असंही नाही. जुलै २०२३ मध्ये लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये, म्हणजे सदस्यांच्या खास दालनात, ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजा आणि डेव्हिड वॉर्नर यांच्याशी वाद घालणाऱ्या तीन सदस्यांना मैदानाचा मालक असलेल्या एमसीसी या क्लबने तत्काळ निलंबित केलं. पुढे त्यांतल्या एकाची हकालपट्टी झाली.

११. ऑनलाइन शिव्या कोण देतं? चाहतेच ना?

सगळे नव्हेत. टेनिसमधल्या २०२४ च्या आढाव्यात खेळाडूंना आलेल्या गलिच्छ मजकुरापैकी सुमारे ४०% मजकूर सट्ट्यात पैसे हरलेल्यांचा निघाला. या लोकांना कोण जिंकतं याचं सुखदुःख नसतं, आपली रक्कम बुडाली याचा राग असतो. आता तो राग मैदानातही येतो. जून २०२५ मध्ये फिलाडेल्फियाला धावपटू गॅबी थॉमसला शर्यतीच्या वेळी त्रास देणाऱ्या एकाने नंतर आपली पैज जिंकल्याची फुशारकी मारली. बेटिंग कंपनीने त्याचं खातं बंद केलं.

खेळाडूच्या पोस्टखाली शिवी दिसली तर तिला उत्तर देऊ नका, निषेध म्हणूनही तिचा स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका. रिपोर्ट करा. जिवे मारायची धमकी असेल तर तो पोलिसांचा विषय आहे.

१२. खेळाडूने प्रेक्षकावर हात उगारला तर चूक कोणाची?

दोघांची, पण किंमत जास्त खेळाडू मोजतो. २५ जानेवारी १९९५ ला मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू एरिक कँटोनाने शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला कठड्यावरून लाथ मारली. आठ महिन्यांची बंदी आणि १२० तासांची समाजसेवा त्याच्या वाट्याला आली. १९ नोव्हेंबर २००४ ला डेट्रॉइटजवळ बास्केटबॉलच्या सामन्यात रॉन आर्टेस्ट या खेळाडूच्या अंगावर पेयाचा कप येऊन पडला. तो उसळून स्टँडमध्ये घुसला आणि त्याने पकडला तो माणूस भलताच होता. कप दुसऱ्यानेच फेकला होता. आर्टेस्टचा उरलेला अख्खा हंगाम गेला.

१३. एकही शिवी दिली नाही, नुसती हुर्यो उडवली, तरी ते गैरवर्तन ठरू शकतं का?

ठरू शकतं, आणि ‘आम्ही तर फक्त ओरडत होतो’ म्हणणाऱ्यांनी अ‍ॅडम गुड्सची गोष्ट समजून घ्यावी. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला हा आदिवासी खेळाडू, लीगचा सर्वोच्च सन्मान दोनदा मिळवलेला. २०१३ मध्ये मेलबर्नला एका १३ वर्षांच्या मुलीने त्याला वानर म्हटलं. त्याने ते सुरक्षारक्षकाला दाखवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, असं सांगितलं. त्यानंतर मैदानामागून मैदानात चेंडू त्याच्याकडे गेला की हुर्यो सुरू व्हायची. २०१५ मध्ये तर दर आठवड्याला. तो गप्प बसला नाही, एवढाच राग होता, आणि ओरडणाऱ्यातला प्रत्येकजण म्हणत होता की मला त्याचा खेळ आवडत नाही. त्या वर्षाअखेरीस तो निवृत्त झाला. २०१९ मध्ये लीगने आणि सगळ्या क्लबांनी त्याची माफी मागितली.

उलट बाजूही आहे. चेंडू कुरतडल्याच्या प्रकरणात बंदी भोगून परतलेल्या स्मिथची चेष्टा करणं मला समजू शकतं, कारण कृत्य खेळातलंच होतं. त्यालाही मुदत असावी, असं विराट कोहलीला वाटलं. जून २०१९ मध्ये ओव्हलवर भारतीय प्रेक्षक सीमारेषेवर उभ्या स्मिथची हुर्यो उडवत होते, तेव्हा फलंदाजी करत असलेल्या कोहलीने त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवायची खूण केली.

१४. शेजारचा शिव्या देतोय. मी काय करावं?

एकट्याने त्याच्याशी भांडू नका. तो प्यायलेला असेल तर अजिबातच नको. स्टँड, रांग आणि खुर्चीचा क्रमांक, वेळ, आणि जमल्यास त्याचे नेमके शब्द फोनमध्ये लिहून ठेवा (का, ते प्रश्न ९ मध्ये आलं). मग उठून स्टुअर्डला (स्टँडमधल्या मदतनिसाला) किंवा सुरक्षारक्षकाला जाऊन सांगा. अनेक मोठ्या मैदानांवर तक्रारीसाठी मेसेजचा क्रमांक फलकावर दाखवतात, त्याचा उपयोग होतो. तो माणूस तुमच्याच गटातला असेल तर गोष्ट सोपी आहे: ‘बस कर, पोरं बसलीत पुढे’ एवढं मित्राने म्हटलं की बहुतेक वेळा पुरतं.

१५. सुरक्षारक्षक जरा अतिच करतात, खेळाडूजवळ जाऊही देत नाहीत. कशाला?

३० एप्रिल १९९३. हॅम्बर्गला दोन गेममधल्या विश्रांतीत टेनिसपटू मोनिका सेलेस खुर्चीवर बसली होती आणि तिची प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफ हिच्या एका चाहत्याने मागून येऊन तिच्या पाठीत सुरा खुपसला. सेलेस तेव्हा १९ वर्षांची होती आणि जगात अव्वल होती. पुन्हा कोर्टवर यायला तिला दोन वर्षांहून जास्त लागली.

१६. मुलांच्या सामन्यांत पालकच ओरडतात, त्याचं काय?

तिथे सगळं लवकर आटोक्यात येऊ शकतं, म्हणून तिथूनच सुरुवात करा. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या फुटबॉलसाठी काही शनिवार-रविवार ‘मूक’ ठेवतात. पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या, सूचना नाहीत, पंचांवर आरडाओरडा नाही. दहा वर्षांचं पोर चेंडू पायात आल्यावर आधी बाहेर बापाकडे बघत असेल, तर तो सामना त्याचा राहिलेला नाही.

१७. विरोधी संघासाठी टाळ्या वाजवल्या तर लोक गद्दार म्हणतात. काय सांगू?

३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत पाकिस्तानने भारताला अवघ्या १२ धावांनी हरवलं. सचिन पाठदुखी सोसत १३६ काढून बाद झाला होता, आणि विजय हाताशी येऊन निसटला होता. पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या प्रेक्षकांचं भारतीय संघावर प्रेम कमी होतं असं कुणी म्हणून दाखवावं.

१८. मी स्वतः असं ओरडलोय. आता काय?

मीही ओरडले आहे. विशीत होते, सीमारेषेच्या अगदी मागे जागा मिळाली होती. पाहुण्या संघाचा एक पोरगा समोर उभा होता, त्याने झेल सोडला आणि आमच्या घोळक्याला चेव आला. आधी झेलावरून, मग त्याच्या दिसण्यावरून. दिसण्यावरचं एक वाक्य माझं होतं आणि त्याला सगळ्यांत जास्त हशा मिळाला. तो वळला नाही. टोपी मागून जरा खाली ओढली, तळहात पँटला पुसला, परत पुसला. कानाची पाळी लाल झालेली मला एवढ्या जवळून दिसत होती. षटक संपल्यावर तो दुसऱ्या टोकाला जायला धावला, तेव्हा आमच्याकडे न बघता बराच लांबचा वळसा घेऊन गेला.

त्याची माफी मागायची संधी मला मिळाली नाही. तुम्हाला असेल, तुमचं वाक्य अजून कुठे लिहिलेलं असेल, तर ते आजच काढा आणि दोन ओळींत माफी मागा. उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि पुढच्या सामन्यात तशीच जागा मिळाली, तर सोबतच्यांना पहिल्या टोमण्यालाच थांबवा. आमच्या घोळक्यात त्या दिवशी सातजण होतो.